बंद गोबरगॅसची गळती मोजताना

औसा, निलंगा, कळंब, केज या पट्ट्यात जुन्या गोठ्यांच्या मागं गेलं की सिमेंटचा एक उंचवटा हमखास दिसतो. वर पालापाचोळा, कडेला फुटका हौद, मधून आभाळाकडं तोंड करून उभा असलेला एखादा गंजका पाइप. मालक सांगतात, "ते बंद हाय, लई वर्षं झाली." बंद म्हणजे शेण टाकणं बंद. आतली स्लरी, म्हणजे शेण-पाण्याचा काला, अजून कुजते का, कुजत असेल तर मिथेन किती निघतो आणि कुठून निघतो, हा प्रश्न त्या उत्तरात येत नाही. आम्ही तेवढंच मोजतो. त्यासाठी काय लागतं आणि कुठं फसायला होतं ते इथं लिहितो आहोत, कारण हे काम गावोगावी करता येण्यासारखं आहे आणि चुकीच्या पद्धतीनं केलं तर न केलेलं बरं, इतके खोटे आकडे त्यातून निघतात.

मूळ पद्धत आमची नाही. ती सोडून दिलेल्या तेल-वायूच्या विहिरींवर तयार झाली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल इथं १८५९ साली ड्रेकची तेलविहीर लागली, आणि तेव्हापासून तिथं खोदलेल्या विहिरींपैकी असंख्य विहिरी नोंदीशिवाय, मालकाशिवाय जंगलात पडून राहिल्या. संशोधक मेरी कांग आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली तिथल्या १९ विहिरींवर बंद पेटी ठेवून मिथेन मोजला. सरासरी विहिरीमागं दिवसाला ०.२७ किलो, म्हणजे तासाला साधारण ११ ग्रॅम. पण त्या सरासरीचा बहुतेक भार तीन विहिरींवरच होता. बाकीच्या विहिरी त्यांच्यापुढं नगण्य. पुढं आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, २०१९ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत सोडलेल्या विहिरींचा हिशोब कसा धरायचा हेही आलं.

मराठवाड्यात तेलविहीर नाही, आणि खाली तसा खडकही नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथं ६१७ मीटर खोल विंधण घेतलं गेलं, तेव्हा सुमारे ३३८ मीटर काळा पाषाण, त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग थेट ग्रॅनाइट लागला. पण सोडलेली विहीर आणि सोडलेला गोबरगॅस यांचं दुखणं एकच आहे. दोन्ही जमिनीत गाडलेले, दोन्हींच्या भिंती म्हाताऱ्या झालेल्या, दोन्हींतून वायू तोंडाऐवजी बगलेतूनही निघू शकतो, आणि दोन्हींच्या नोंदीत "बंद" असं लिहिलं की पुढचा रकाना कोणी भरत नाही. म्हणून पद्धत उचलली, सामान मात्र इथलं वापरलं.

आधी मोजायचं कशाला तेही सांगायला हवं. शंभर वर्षांच्या हिशोबात शेणातून येणारा एक किलो मिथेन साधारण २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो, वीस वर्षांच्या हिशोबात सुमारे ८० किलोइतकी. चुलीखाली जळाला तर तोच वायू कामाचा. न जळता हवेत गेला तर गोबरगॅस बांधून साधलेल्या भल्याला तेवढी गळती लागली. त्यामुळं गळका गोबरगॅस हा आमच्या लेखी क्षुल्लक विषय नाही.

पहिला तास मोजायचा नसतो

गेल्या गेल्या पेटी लावायची नाही. आधी घरातल्या माणसांशी बोलायचं, आणि शक्यतो म्हाताऱ्या मंडळींशी. आजी, टाकी किती घनमीटरची होती? शेण कोण कालवत होतं? शेवटचा गॅस कधी पेटला? दोन घनमीटरच्या टाकीला रोज पन्नासेक किलो शेण आणि तितकंच पाणी लागतं, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरं हवीत. बहुतेक ठिकाणी उत्तर दुष्काळात सापडतं. जनावरं विकली, छावणीत नेली, किंवा प्यायलाच पाणी नव्हतं तर शेणात काय घालणार. लातूरला २०१६ साली रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्याचा उल्लेख लातूर भागात हटकून होतो. नंतर सिलिंडर आला आणि टाकीकडं परत कोणी वळलं नाही.

आम्ही सुरुवातीला "किती वर्षं बंद?" या प्रश्नाला फार महत्त्व देत होतो. तो प्रश्न कमी कामाचा. कामाचा प्रश्न असा : "आता त्या टाकीत कशाचं पाणी जातं?" वर्षानुवर्षं कोरडी पडलेली टाकी बहुधा गप्प असते. पण गोठा धुतलेलं पाणी अजून त्याच नाळीनं इनलेटमध्ये, म्हणजे शेण आत सोडायच्या तोंडात, उतरत असेल, किंवा संडासाचा पाइप टाकीला जोडलेला असेल, तर ती टाकी बंद नाहीच. तिला रोज थोडं खाद्य मिळतं आहे, फक्त तयार होणारा गॅस कोणी वापरत नाही. अशा टाक्या ओळखल्या की अर्धं काम झालं, कारण मोठी गळती तिथंच मिळते. हे विचारताना संडासाची गोष्ट लोक चटकन सांगत नाहीत. नाळीचा माग काढत स्वतः फिरून पाहावं.

दुसरं काम नकाशा काढण्याचं. दीनबंधू नमुन्याची, म्हणजे पक्क्या घुमटाची टाकी असेल तर पाच जागा : इनलेटचं तोंड, आउटलेटचा हौद, घुमटाच्या माथ्यावरचा गॅसपाइप आणि त्याचा कॉक, घुमटावरची भेगाळलेली माती, आणि स्वयंपाकघरापर्यंत गेलेली जुनी पाइपलाइन. खादी ग्रामोद्योगच्या तरंगत्या ड्रमची टाकी असेल तर ड्रम आणि विहिरीची भिंत यांच्यातली गोल फट, ड्रमच्या गंजलेल्या माथ्यावरची भोकं, आणि ड्रम भंगारात गेला असेल तर उघडी पडलेली अख्खी विहीर.

इनलेटकडं विशेष पाहायचं. चालू टाकीत इनलेटच्या नळाचं खालचं टोक स्लरीत बुडालेलं असतं, आणि तेच बुचाचं काम करतं. स्लरी आटून पातळी त्या टोकाच्या खाली गेली की बूच सुटतं, आणि घुमटातला वायू उलटा शेण कालवायच्या हौदातून बाहेर यायला लागतो. लोक वरचा कॉक घट्ट आहे म्हणून निर्धास्त असतात आणि गळती दहा फुटांवरच्या हौदातून चालू असते.

सुरक्षेबद्दल थोडं, पण ठामपणे. टाकीत कोणी उतरायचं नाही, डोकंही घालायचं नाही, दोरीला बांधूनही नाही. स्लरीतून हायड्रोजन सल्फाइड निघतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकाची जाणीवच मरते, आणि वास गेला म्हणजे वायू गेला असं माणसाला वाटतं. शिवाय तो आणि कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, खड्ड्यात साचून राहतात. एक माणूस पडला की दुसरा वाचवायला उतरतो आणि दोघंही जातात. चार वायूंचा गजर देणारा छोटा डिटेक्टर छातीवर लावूनच कामाला लागायचं. विडी-काडी वीस पावलं लांब. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असताना पेट घेतो, आणि घुमटाच्या पाइपच्या तोंडाशी ते प्रमाण सहज जुळतं.

तो छातीवरचा डिटेक्टर मोजणीसाठी मात्र वापरू नका. तो पेट घेण्याच्या खालच्या मर्यादेच्या टक्क्यात बोलतो. त्याचा एक टक्का म्हणजे ५०० पीपीएम. मोकळ्या हवेत मिथेन २ पीपीएमच्या जरा खाली असतो. म्हणजे हवेच्या दोनशे पट मिथेन असला तरी तो बिचारा शून्यच दाखवणार. "मशीननं शून्य दाखवलं" असं सांगणाऱ्यांकडं कुठलं मशीन होतं ते आधी विचारावं.

पेटी

तत्त्व सोपं आहे. गळतीच्या जागेवर ठरावीक आकारमानाची उलटी पेटी ठेवायची, हवा बाहेर जाऊ द्यायची नाही, आणि आतला मिथेन दर मिनिटाला किती वाढतो ते पाहायचं. वाढीचा वेग गुणिले आकारमान, म्हणजे गळती.

पेटीसाठी दोनशे लिटरचं निळं प्लास्टिक पिंप मधून आडवं कापलं. बुडाकडचा अर्धा भाग घ्यायचा, व्यास साधारण ५७ सेंटिमीटर, आकारमान जवळपास १०० लिटर. रसायनाचं पिंप नको. प्लास्टिकमध्ये मुरलेला वास सेन्सरला मिथेन वाटतो. गुळाच्या काकवीचं किंवा तेलाचं पिंप गरम पाण्यानं धुऊन दोन दिवस उन्हात उघडं ठेवलं तर चालतं. आत संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा, कारण वायू वर साचून राहिला तर नळीच्या तोंडाशी भलताच आकडा मिळतो. पंखा विनाब्रशचा असतो, ठिणगी पडत नाही. तरी बॅटरी आणि बटण पेटीच्या बाहेरच. पंख्याचा झोत थेट स्लरीवर किंवा मातीवर सोडायचा नाही. जोराचा वारा मातीतला वायू ओढून काढतो आणि गळती आहे त्यापेक्षा जास्त दिसते.

माथ्यावर तीन भोकं : एक नमुन्याच्या नळीसाठी, एक तापमापकासाठी, आणि एक दाब सारखा राहावा म्हणून. या तिसऱ्या भोकाला मीटरभर सलाइनची नळी लावून तिचं टोक मोकळं सोडायचं. ही नळी विसरली तर पेटी ठेवताना आत दाब वाढतो, मातीतला वायू मागं सरकतो आणि पहिल्या दोन मिनिटांचे आकडे वाया जातात. पेटीवर बाहेरून चकचकीत फॉइल किंवा पांढरी चादर. एप्रिल-मेच्या उन्हात उघडं निळं पिंप दहा मिनिटांत भट्टी होतं, आतली हवा फुगते आणि फटीतून निघून जाते.

खरं आकारमान कागदावर काढू नका, तपासा. चालू गोबरगॅसचा वायू सिरिंजमध्ये घेऊन ठरावीक मापानं पेटीत सोडायचा. तो वायू किती टक्के मिथेन आहे हेही सिरिंजनंच कळतं : साठ मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये ४० मिलिलिटर वायू, त्यात १० मिलिलिटर कॉस्टिक सोड्याचं द्रावण ओढून तोंड बंद करून दोन मिनिटं हलवायचं. कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळतो, उरलेला बहुतेक मिथेन. ४० चे २४ उरले तर ६० टक्के. हातमोजे आणि चष्मा घालूनच, कारण कॉस्टिक डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो. आणि वायू पाइप नीट वाहता ठेवून मगच घ्यायचा. हवा मिसळली तर उरलेल्यात नायट्रोजनही असतो आणि टक्केवारी फुगते. आता असा २० मिलिलिटर वायू, म्हणजे १२ मिलिलिटर मिथेन, १०० लिटरच्या पेटीत सोडला की वाचन १२० पीपीएमनं चढलं पाहिजे. ९५ नं चढलं तर तीन शक्यता : आकारमान जास्त आहे, पेटी गळते, किंवा पंखा हवा नीट ढवळत नाही. चढून हळूहळू उतरत असेल तर पेटी गळते हे नक्की.

बूड बंद करणं

परदेशात पेटीच्या कडेला बेंटोनाइटचा लेप देतात. आपल्या काळ्या मातीतही तशीच फुगणारी चिकणमाती असते. ओली करून मळून चार बोटं जाड कड दिली की पेटी उत्तम बंद होते. पण हीच माती उन्हाळ्यात उलटते. मार्चनंतर घुमटावरची जमीन भेगाळते, भेगेत पूर्ण हात जातो, आणि वायू घुमटाच्या तड्यातून निघून त्या भेगेनं दोन मीटर लांब जाऊन बाहेर पडतो. घुमटाच्या माथ्यावर नेमकी पेटी ठेवून शून्य मिळालं म्हणून समाधान मानू नये. तेलविहिरींवरही असं होऊ शकतं, नळाच्या तोंडाऐवजी भोवतालच्या मातीतून वायू वर येतो.

म्हणून आधी हुंगून फिरायचं, म्हणजे यंत्रानं. आम्ही पंप असलेल्या सेन्सरची नळी जमिनीपासून दोन बोटं वर धरून घुमटाभोवती अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या रेघांनी चालतो, आणि जिथं वाचन हलतं तिथं खुंटी ठोकतो. मग मातीवर पेटी सरळ न ठेवता आधी पिंपाचाच एक गोल पट्टा जमिनीत पाच ते सात सेंटिमीटर ठोकून बसवायचा, आणि शक्यतो आदल्या दिवशी. ठोकताना माती हलते आणि तिच्यात अडकलेला वायू तासभर सुटत राहतो. घाई केली की ती वाढ आपण गळती म्हणून लिहून बसतो.

पाइपच्या सांध्याला शाम्पूचं पाणी लावायचं. बुडबुडा दिसला की तिथं पेटीपेक्षा पिशवी बरी. मापाची प्लास्टिक पिशवी पूर्ण चपटी करून तोंडाला बांधायची आणि भरायला लागणारा वेळ घड्याळावर मोजायचा. मोठ्या गळतीला याहून सोपं आणि खात्रीचं काही नाही.

यंत्रं कुठं खोटं बोलतात

लेसरवर चालणारी महागडी यंत्रं एका पीपीएमच्या शंभराव्या हिश्शापर्यंत जातात, पण ती सहसा संस्थांकडंच असतात. आमचं रोजचं काम टिन ऑक्साइडच्या सेन्सरवर आणि काचेच्या कुप्यांवर चालतं.

टिन ऑक्साइडचा सेन्सर स्वस्त आहे आणि त्याचे दोष ओळखले तर चांगला आहे. नवा असेल तर दोन दिवस सलग चालू ठेवून तापू द्यायचा. त्याला सिलिंडरचा गॅस, दारू, फोडणीचा धूर हे सगळं थोडंफार मिथेनसारखंच लागतं, तेव्हा घरात स्वयंपाक चालू असताना मोजायचं नाही. सगळ्यात मोठा दोष ओलाव्याचा. स्लरीवर पेटी ठेवली की दहा मिनिटांत आतली हवा दमट होते आणि मिथेन नसतानाही वाचन चढत जातं. रेघ अगदी सरळ, मोहात पाडणारी. यावर दोन उपाय आहेत. नमुन्याच्या नळीत सिलिका जेलच्या दाण्यांची नळी जोडायची आणि रंग बदलला की दाणे बदलायचे. आणि दुसरा, जो आम्ही कधीही चुकवत नाही : त्याच दिवशी तीच पेटी घरच्या स्वच्छ पाण्याच्या हौदावर दहा मिनिटं ठेवायची. तिथं जी वाढ दिसेल ती यंत्राची, टाकीची नव्हे. ती वजा केल्याशिवाय स्लरीवरचा आकडा आमच्या वहीत जात नाही.

काचेच्या कुप्यांची पद्धत संथ, पण तिच्यावर विश्वास जास्त. बारा मिलिलिटरच्या, हवा काढलेल्या, ब्यूटिल रबराच्या बुचाच्या कुप्या घ्यायच्या. ०, १०, २० आणि ३० व्या मिनिटाला सिरिंजनं पेटीतून नमुना घेऊन कुपीत थोडा दाबून भरायचा, साधारण १५ ते २० मिलिलिटर, म्हणजे प्रवासात बाहेरची हवा आत शिरत नाही. एका बुचात सुई एकदाच. नंतर प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, तपासणी. प्रत्येक टाकीमागं एक कुपी वाऱ्याच्या वरच्या बाजूच्या मोकळ्या हवेची घ्यायचीच. तिच्यात २ च्या जागी ८-१० पीपीएम आला तर जवळ गुरं बांधलेली आहेत. रवंथ करणारं जनावर मिथेन सोडतं, आणि गोठ्याच्या भिंतीआड तो साचतो. जनावरं रानात गेल्यावर मोजणी करावी.

हातात धरायचा लेसर गळती शोधायला झकास, मोजायला नाही. तो पीपीएम-मीटर सांगतो, म्हणजे वायूचं प्रमाण गुणिले ढगाची जाडी. दहा मीटरवरच्या भिंतीवर रोखला तर नुसत्या स्वच्छ हवेचेच वीसेक दाखवतो. तो आकडा पीपीएम समजून हिशोबात घातलेले तक्ते आम्ही पाहिले आहेत आणि ते पाहून वाईट वाटतं, कारण बाकीची मेहनत खरी असते.

वेळ आणि दाब

आपल्याकडं हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास सर्वात जास्त, दुपारी चारच्या सुमारास सर्वात कमी, आणि रात्री पुन्हा तसंच. फरक दोन-चार हेक्टोपास्कलचाच (हे हवेच्या दाबाचं माप) असतो, पण जमिनीतल्या वायूला तेवढा पुरतो. दहा ते चार दाब उतरत असताना माती श्वास सोडते, पहाटे चारनंतर चढताना आत घेते. एकाच भेगेवर सकाळी आठला आणि दुपारी दोनला वेगळे आकडे येतात आणि दोन्ही खरे असतात. म्हणून मातीवरची प्रत्येक जागा किमान दोन वेळा, एकदा चढत्या आणि एकदा उतरत्या दाबात मोजायची. अशानं दिवसाला दोन, फार तर तीन टाक्या होतात. सात-आठ टाक्या एका दिवसात उरकल्याचं कोणी सांगितलं तर ती पाहणी झाली, मोजणी नाही.

हिशोब

आउटलेटच्या हौदावर शंभर लिटरची पेटी. मोबाइलच्या घड्याळावर दहा मिनिटं. वाचन २ वरून ६२ पीपीएमवर गेलं असं धरू, म्हणजे मिनिटाला ६ पीपीएम. एक पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग, तेव्हा १०० लिटरमध्ये ६ पीपीएम म्हणजे ०.६ मिलिलिटर. तासाला ३६ मिलिलिटर मिथेन.

आता मिलिलिटरचे मिलिग्रॅम करताना बहुतेकांची चूक होते. पुस्तकातली घनता समुद्रसपाटीची असते : २५ अंशांना एका लिटरला ०.६५६ ग्रॅम. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटर उंच. तिथं हवेचा खरा दाब ९४० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, आणि पेटीतलं तापमान ३५ अंश धरलं तर लिटरला ०.५८९ ग्रॅमच भरतो. पुस्तकी आकडा वापरला तर गळती अकरा टक्के जास्त निघते. मोबाइलमधल्या हवामानाच्या ॲपवरचा दाबही घेऊ नका. तो समुद्रसपाटीला नेऊन दाखवलेला असतो, हजाराच्या पुढचा. खरा दाब लागतो, बॅरोमीटरचा, जागेवरचा.

तर ३६ मिलिलिटर म्हणजे २१ मिलिग्रॅम. पेटीखालचं क्षेत्र ०.२५५ चौरस मीटर, म्हणून चौरस मीटरला तासाला ८३ मिलिग्रॅम. हौद दीड चौरस मीटरचा असेल तर तासाला १२५ मिलिग्रॅम, दिवसाला ३ ग्रॅम. त्याच टाकीच्या माथ्यावरचा कॉक सडका असेल आणि लिटरभर पिशवी सहा मिनिटांत भरत असेल, तर तासाला १० लिटर. निम्मा मिथेन धरला तर ५ लिटर, तासाला २.९ ग्रॅम, दिवसाला ७० ग्रॅम. अख्ख्या हौदाच्या तेवीस पट, आणि दुरुस्ती एका कॉकची. हौदावर तासन् तास घालवून कॉक न तपासणं ही या कामातली सगळ्यात महाग चूक.

वाढीचा आलेख जागेवरच काढून पाहावा. रेघ सरळ असेल तर ठीक. आधी चढून मग वाकत असेल तर पेटी गळते आहे किंवा आतला वायू इतका साचला की मागची ओढ मंदावली. तेव्हा सुरुवातीचाच उतार धरायचा. जिन्यासारख्या पायऱ्या दिसल्या तर ते बुडबुडे आहेत. उघड्या पडलेल्या ड्रमच्या विहिरीत असं फार होतं. तिथं पेटीला सायकलच्या दोन फुगवलेल्या ट्यूब बांधून दोरीनं ती काठावरून स्लरीवर तरंगत सोडतो. दोन्ही बाजूंनी दोघांनी दोर धरायचा, काठावर वाकायचं नाही. बुडबुड्यांच्या जागी दहा मिनिटं पुरत नाहीत. दहा मिनिटांत एकही बुडबुडा आला नाही तर गळती जवळपास शून्य दिसते आणि दोन आले तर अवाच्या सवा. तासभर ठेवावी लागते, आणि पायऱ्यांसकट पूर्ण वाढ धरावी लागते. पायऱ्या "चूक" म्हणून पुसायचा मोह होतो. पुसू नयेत. त्या विहिरीतला बहुतेक मिथेन त्याच पायऱ्यांनी वर येतो.

शून्याची नोंद

आमच्या साध्या सेन्सरला दहा मिनिटांत ३ पीपीएमपेक्षा कमी वाढ खात्रीनं ओळखता येत नाही. शंभर लिटरच्या पेटीत ती तासाला साधारण एक मिलिग्रॅम होते. त्याखालचं काहीही "शून्य" नव्हे, "एक मिलिग्रॅमपेक्षा कमी" असं लिहायचं. आणि लिहायचंच. बहुतेक जागा अशाच निघतात, दिवस कोरडा गेल्यासारखा वाटतो, आणि त्या जागा वहीत न आणता फक्त गळक्या टाक्यांचे आकडे पुढं जातात. मग सरासरी काढणारा त्या गळक्या टाक्यांनी अख्खा तालुका गुणतो. पेनसिल्व्हेनियाच्या तीन विहिरींनी जी सरासरी ओढली, तीही बाकीच्या सोळा मोजून लिहिल्या होत्या म्हणूनच कळली. टाक्या निवडतानाही हेच पथ्य : वास येतो म्हणून सांगितलेल्या टाक्यांची यादी वेगळी, आणि गावातल्या सगळ्या टाक्यांतून चिठ्ठी काढून निवडलेल्यांची वेगळी. दोन्ही याद्या एकत्र करायच्या नाहीत.

टाकी गळकी निघाली की घरच्यांना त्याच दिवशी सांगतो. कॉकची गळती असेल तर वायसर किंवा कॉकच बदलायचा. संडास किंवा गोठ्याचं पाणी जात असेल तर टाकी बंद करण्यापेक्षा शेगडीला पुन्हा जोडणं बरं, चहापुरता तरी गॅस मिळतो आणि तो जळून जातो. ज्यांना कायमचीच बंद करायची आहे त्यांनी आधी येणारं पाणी तोडावं, स्लरी आउटलेटच्या बाजूनं बाहेरूनच पंपानं उपसून शेणखताच्या खड्ड्यात वाळत घालावी, घुमट काही दिवस उघडा ठेवावा, आणि मग मुरूम भरावा. स्लरी आत ठेवून वरून मुरूम टाकलेल्या टाक्या पुढं कित्येक महिने भेगांमधून गळत राहतात, आणि त्या शोधणं सगळ्यात अवघड.

मृगाचा पाऊस पडला की त्याच खुंट्यांवर पुन्हा जायचं. भेगा मिटलेल्या असतात, मातीवरचे आकडे पडतात, आणि पाणी घुमटात शिरून अडकलेला वायू इनलेटकडून किंवा कॉकमधून बाहेर ढकलला जातो. उन्हाळ्यात गप्प असलेला हौद तेव्हा बोलायला लागतो, म्हणून दुसऱ्या फेरीत पेटी आधी तिथं लावतो आणि घुमटावर नंतर.